इको, सिटी, स्पोर्ट: एका बटणाची कुळकथा

ड्रायव्हिंग मोड म्हणजे गाडीने कसे चालावे हे चालकाने बटणावर ठरवण्याची सोय. मोड बदलला तरी इंजिन तेच राहते आणि चाकेही तीच. बदलतात ते ॲक्सिलरेटर, गिअर, स्टिअरिंग आणि ब्रेक सांभाळणाऱ्या संगणकाचे नियम.

ही सोय पूर्णपणे यायला आधी एक तार जावी लागली. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीत ॲक्सिलरेटर कार्ब्युरेटरच्या झडपेला थेट जोडलेला असे. पाय दाबेल तितकी झडप उघडे. वेगळे काही ठरवायचेच तर थंडीत सकाळी इंजिन पटकन सुरू व्हावे म्हणून ओढायचा चोक तेवढा चालकाच्या हाती होता.

मोडचे पहिले रूप गिअरमध्ये दिसले. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला टोयोटाने आपोआप पडणारे गिअर संगणकाच्या ताब्यात दिले आणि गिअर लवकर पाडायचा की इंजिन चढू द्यायचे, हे ठरवणारे बटण बसवले. दशकाच्या अखेरीस बीएमडब्ल्यूच्या बारा सिलिंडरच्या 7 मालिकेत ॲक्सिलरेटरची तारच गेली. पेडलखालचा सेन्सर पाय किती दाबला ते संगणकाला कळवतो आणि झडप मोटर उघडते. पुढचे सारे घराणे या एका बदलातून वाढले. पाय एक-तृतीयांश दाबला असताना झडप किती उघडायची, हे आता एका तक्त्यात लिहिता येते आणि तक्ते हवे तितके ठेवता येतात. इकोचा तक्ता इंजिनाला सावकाश खुलवतो, स्पोर्टचा सुरुवातीलाच जोर देतो. म्हणूनच स्पोर्टमध्ये गाडी जास्त ताकदवान वाटते. पेडल तळापर्यंत दाबले की बऱ्याच गाड्यांत हा फरक जवळजवळ मिटतो. काही गाड्यांत मात्र इकोमध्ये टॉर्कवरच मर्यादा घातलेली असते.

भारतात ही सोय दीर्घकाळ महागड्या गाड्यांपुरती होती. ऑगस्ट 2014 मध्ये टाटांनी झेस्ट ही चार मीटरच्या आतली सेडान आणली आणि तिच्या 1.2 लिटरच्या टर्बो पेट्रोल इंजिनाला इको, सिटी, स्पोर्ट असे तीन मोड दिले. मध्यमवर्गीय घरातल्या गाडीत हे बटण आले, ही या कुळकथेतली आपल्याकडची सर्वांत महत्त्वाची पायरी. 2017 च्या नेक्सॉनमध्ये तेच तीन मोड आले. ही गाडी बनते रांजणगावला, म्हणजे काष्टी हे गाव ज्या श्रीगोंदा तालुक्यात आहे, त्याला लागून असलेल्या शिरूर तालुक्यात.

काष्टीच्या शनिवारच्या बाजारातून गर्दीत गाडी काढताना इको सोयीचा, कारण पाय थोडा हलला तरी गाडी हिसका देत नाही. दौंडच्या रस्त्यावर उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला ओलांडायचे असेल, तर ऑटोमॅटिक गाडीत स्पोर्टचा खरा उपयोग होतो. गिअर खालीच राहतो आणि इंजिनाला दम मिळतो.

दुसरी शाखा जमिनीप्रमाणे वागण्याची. लँड रोव्हरने 2004 मध्ये डिस्कव्हरी 3 ला चिखल, वाळू, खडक यांसाठी फिरवायची खुंटी दिली. 2008 मध्ये ती कंपनी टाटांकडे आली आणि 2019 मध्ये पिंपरीच्या हॅरियरमध्ये नॉर्मल, रफ, वेट हे पर्याय आले. पावसात काळ्या मातीच्या शेतरस्त्यावर चाक घसरले की घसरण रोखणारी यंत्रणा एरवी लगेच इंजिनाचा जोर कापते आणि गाडी जागीच रुतते. रफमध्ये ती चाकाला थोडे फिरू देते. वेटमध्ये उलट लवकर आवरते. त्या हॅरियरला जोर फक्त पुढच्या दोन चाकांवर होता, त्यामुळे खुंटी फिरवली म्हणून ती चारही चाकांनी ओढणारी जीप होत नसे. खोल चिखलात उतरण्यापूर्वी चालकाला हे माहीत असलेच पाहिजे.

विजेच्या गाडीत झडपच नाही, तक्ता थेट मोटरला लागू होतो. 2022 च्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सने त्यात आणखी एक निवड वाढवली: पाय उचलल्यावर मोटर गाडीला किती आवरेल आणि तेवढी वीज बॅटरीत परत भरेल, याच्या चार पायऱ्या.