खाणींमधील चालकविरहित वाहतूक

खाणींमधील चालकविरहित वाहतूक म्हणजे खुल्या खाणीत खोदलेले खनिज आणि दगडमाती, चालक नसलेल्या अवजड ट्रकांद्वारे वाहून नेण्याची पद्धत होय. या ट्रकांना मराठीत सामान्यतः 'डंपर' म्हणतात. यातील प्रत्येक डंपर स्वतःचे स्थान स्वतः निश्चित करतो, समोरचा अडथळा ओळखून थांबतो आणि बिनतारी जाळ्याद्वारे नियंत्रण केंद्राशी अखंड जोडलेला असतो. स्वयंचलित वाहनांची प्रसिद्धी शहरांतील मोटारींमुळे झाली असली, तरी त्यांचा व्यावसायिक वापर त्याआधीच बंदरे आणि खाणी यांसारख्या बंदिस्त आवारांत रुजला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातील पिलबारा हा लोहखनिजाचा प्रदेश या पद्धतीचे एक प्रमुख क्षेत्र आहे.

पार्श्वभूमी

मोठ्या खुल्या खाणीतील वाहतूक वरकरणी अगदी एकसुरी असते. उत्खनन यंत्राजवळ जायचे, भार घ्यायचा, चढ चढून तो दळणयंत्रात किंवा टाकाऊ मातीच्या ढिगावर रिकामा करायचा आणि परत फिरायचे. हीच फेरी दिवसरात्र चालू राहते. कोमात्सू कंपनीचा '९३० ई' हा डंपर एका खेपेस सुमारे २९० टन भार नेतो. एवढ्या उंच वाहनाच्या चालकाला जवळ उभी असलेली जीप दिसत नाही. म्हणून खाणीतील लहान गाड्यांवर उंच काठी उभारून तिला झेंडा लावण्याची प्रथा आहे. बारा तासांची पाळी, रात्रीचे काम आणि तोच तो रस्ता यांमुळे चालकाला येणारी ग्लानी हे खाणीतील अपघातांचे एक जुने कारण आहे.

पिलबारात यात अंतराची भर पडते. हा प्रदेश पर्थ या राजधानीच्या शहरापासून सुमारे १,५०० किलोमीटर दूर आहे आणि तेथे उन्हाळ्यात तापमान ४० अंशांच्या वर जाते. बहुसंख्य कामगार विमानाने खाणीवर येतात, काही दिवस किंवा आठवडे सलग काम करतात आणि पुन्हा विमानानेच घरी परततात. त्यांचे वेतन, प्रवास, निवास व भोजन यांचा खर्च मोठा असतो. चालक कमी करण्यामागे सुरक्षिततेइतकेच हे अर्थकारणही होते, हे विसरता येत नाही.

खाण हे खाजगी, कुंपणाने वेढलेले आवार असते, ही बाब सर्वांत महत्त्वाची. तेथे कोणी, कोणत्या वाहनाने आणि कोणत्या प्रशिक्षणानंतर यावे, हे व्यवस्थापन ठरवू शकते. सार्वजनिक रस्त्यावर हे शक्य नसते. १८ मार्च २०१८ रोजी अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातील टेम्पी येथे उबर कंपनीच्या चाचणीतील मोटारीने सायकल ढकलत रस्ता ओलांडणाऱ्या एका महिलेला धडक दिली आणि त्यात तिचा मृत्यू झाला. मोटारीतील प्रणालीने तिला टिपले होते. पण समोर नेमके काय आहे, हे तिला वेळेत ठरवता आले नाही. खाणीतील प्रणालीची रचना असा प्रसंग यंत्राने ओळखावा या भरवशावर केलेली नसते. तो उद्भवूच नये, अशी आवाराची मांडणी करण्यावर तिचा भर असतो.

इतिहास

बंदिस्त आवारातील चालकविरहित वाहनांचे एक आरंभीचे मोठे उदाहरण नेदरलँड्समधील रॉटरडॅम बंदराचे आहे. तेथील डेल्टा टर्मिनलमध्ये १९९३ पासून जहाजावरून उतरलेले कंटेनर चालकाविना वाहून नेले जाऊ लागले. खाणींसाठी अमेरिकेतील कॅटरपिलर व जपानमधील कोमात्सू या यंत्रनिर्मात्यांनी १९९० च्या दशकात प्रयोग केले. त्या काळात अचूक स्थाननिश्चिती महाग होती आणि बिनतारी संपर्क बेभरवशाचा होता, त्यामुळे ते व्यापारी वापरापर्यंत पोहोचले नाहीत.

२००८ साली चिली देशातील कोडेल्को या सरकारी तांबे कंपनीच्या गॅब्रिएला मिस्त्राल खाणीत कोमात्सूची प्रणाली व्यावसायिक तत्त्वावर सुरू झाली. ही खाण अटाकामाच्या वाळवंटात आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस रिओ टिंटो कंपनीने पिलबारातील वेस्ट अँजेलस खाणीत अशा डंपरांची चाचणी आरंभली. २०१० मध्ये या कंपनीचे नियंत्रण केंद्र पर्थमध्ये सुरू झाले आणि खाणीत राबणाऱ्या यंत्रांवर दीड हजार किलोमीटरवरून देखरेख होऊ लागली. पुढे फोर्टेस्क्यू कंपनीने सॉलोमन खाणीत आणि बीएचपी कंपनीने जिंबलबार खाणीत कॅटरपिलरची प्रणाली स्वीकारली.

डंपरांपाठोपाठ रेल्वेची पाळी आली. जुलै २०१८ मध्ये रिओ टिंटोची सुमारे २८,००० टन लोहखनिजाने भरलेली मालगाडी टॉम प्राइस येथून केप लॅम्बर्ट बंदरापर्यंतचे २८० किलोमीटर अंतर इंजिनात चालक नसताना धावली.

कार्यपद्धती

प्रत्येक डंपरवर उपग्रहाधारित स्थाननिश्चितीचे उपकरण असते. त्याच्या मापनातील चूक जवळच्या स्थिर केंद्राच्या मदतीने सुधारली जाते. अडथळे टिपण्यासाठी रडार आणि लेझर संवेदक बसवलेले असतात. मात्र हा डंपर मोटारीप्रमाणे रस्ता 'बघत बघत' जात नाही. खाणीतील प्रत्येक रस्ता, वळण, भरणीची जागा आणि ढिगाची कड यांचा संगणकीय नकाशा आधी तयार केलेला असतो. मध्यवर्ती संगणक डंपरला जायचे ठिकाण सांगतो आणि पुढील मार्गाचा ठरावीक तुकडा त्याच्यासाठी राखून ठेवतो. तो तुकडा मोकळा होईपर्यंत दुसऱ्या डंपरला तेथे प्रवेश मिळत नाही. रेल्वेतील सिग्नलव्यवस्थेशी हे तत्त्व मिळतेजुळते आहे.

चालक गेला म्हणून खाण निर्मनुष्य होत नाही. उत्खनन यंत्र सामान्यतः माणूसच चालवतो. डंपरने भार घेण्यासाठी कोठे उभे राहावे, ती जागा तो आपल्या कक्षातून दर्शवतो आणि डंपर मागे सरकत तेथे येऊन थांबतो. रस्ते सपाट करणारे ग्रेडर, धूळ बसवणारे पाण्याचे टँकर, इंधनाच्या गाड्या, सर्वेक्षक आणि दुरुस्ती करणारे यांचीही ये-जा असते. स्वयंचलित क्षेत्रात येणाऱ्या अशा प्रत्येक वाहनावर स्थान कळवणारे उपकरण आणि आजूबाजूच्या डंपरांचे मार्ग दाखवणारा पडदा असणे बंधनकारक असते. त्या वाहनाभोवती संगणक एक अदृश्य सुरक्षा-कडे आखतो आणि डंपरचा मार्ग त्या कड्याला छेदू लागला, तर डंपर थांबतो. याशिवाय ठरावीक टप्प्यातील सर्व डंपर एकदम थांबवणारे आपत्कालीन बटण कर्मचाऱ्यांना दिलेले असते.

वाटेत दगड पडल्यास डंपर थांबतो आणि नियंत्रण केंद्राला कळवतो. बहुतेक वेळा मग एखाद्या कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष जाऊन खात्री करावी लागते. दाट धुळीचा लोट किंवा पावसाची सरही संवेदकांना अडथळ्यासारखी भासू शकते. संवेदक फार हळवे ठेवले तर डंपर पावलोपावली थांबतात, बोथट ठेवले तर धोका वाढतो. दोहोंतील समतोल प्रत्येक खाणीच्या परिस्थितीनुसार साधावा लागतो.

लाभ

चहा-जेवणाची सुट्टी आणि पाळीबदल यांत जाणारा वेळ वाचतो, हा सर्वांत ठळक लाभ आहे. रिओ टिंटोने दिलेल्या माहितीनुसार, २०१७ साली तिचा प्रत्येक चालकविरहित डंपर चालक असलेल्या डंपरपेक्षा सरासरी सुमारे ७०० तास अधिक चालला आणि भरणी-वाहतुकीचा खर्च सुमारे १५ टक्क्यांनी कमी झाला. हे आकडे कंपनीचे स्वतःचे आहेत, हे ध्यानात ठेवून ते वाचावेत. वेग आणि ब्रेक यांचा वापर एकसारखा राहिल्याने टायर व इंजिन यांची झीजही कमी होते. चालकाची झोप किंवा अनवधान यांमुळे होणारे अपघात टळतात, याबद्दल मात्र फारसे दुमत नाही.

अडचणी

माणूस आणि यंत्र एकाच रस्त्यावर

या पद्धतीतील सर्वांत अवघड प्रश्न डंपर आणि डंपर यांच्यात उद्भवत नाही. तो डंपर आणि माणूस यांच्यात उद्भवतो. २०१४ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातील एका खाणीत चालकविरहित डंपर आणि चालक असलेला पाण्याचा टँकर यांची टक्कर झाली. डंपर त्याला नेमून दिलेल्या मार्गानुसारच वळत होता. टँकरच्या कक्षात डंपरांचे मार्ग दाखवणारी यंत्रणाही होती. तरीही तो डंपर आता आपल्या वाटेत वळणार आहे, याची टँकरचालकाला पुरेशी जाणीव नव्हती. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

चालक असलेला ट्रक समोरून येतो, तेव्हा दुसरा चालक त्याचा वेग, त्याचे बिचकणे, प्रसंगी त्याची नजरसुद्धा वाचतो. रिकाम्या कक्षाकडून असा कोणताही संकेत मिळत नाही. पडद्यावरील रेषा हाच तेवढा संकेत असतो आणि वाहन चालवताना नजर रस्त्यावर ठेवायची की पडद्यावर, हा पेच उरतो. शिवाय डंपर हजार वेळा आपणहून थांबला की तो नेहमीच थांबेल असा विश्वास बसतो आणि माणसाची सावधगिरी नकळत सैल होते.

पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या शासनाने २०१५ मध्ये खाणींतील स्वयंचलित यंत्रांच्या सुरक्षिततेविषयी आचारसंहिता प्रसिद्ध केली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे 'आयएसओ १७७५७' हे मानक २०१७ मध्ये आले. नकाशात कोणताही बदल केल्यास तो क्षेत्रातील प्रत्येकापर्यंत पोहोचलाच पाहिजे, ही शिस्त दिसायला साधी, पण पाळायला कठीण आहे. कारण खाणीचा आकारच रोज बदलत असतो.

पाणी, संपर्क आणि चाकोरी

धूळ बसवण्यासाठी रस्त्यावर पाणी मारावे लागते. ते जास्त झाले की पृष्ठभाग निसरडा होतो. अनुभवी चालकाला ओल दुरूनच दिसते व तो वेग आधीच कमी करतो. यंत्राला निसरडेपणा बहुधा चाक घसरू लागल्यावरच कळतो. त्यामुळे पावसाळी हवेत संपूर्ण क्षेत्राची वेगमर्यादा खाली आणावी लागते किंवा काम थांबवावे लागते.

संपर्काचे जाळे टिकवणे हे दुसरे मोठे काम आहे. खोदकाम सरकते तसे बिनतारी संपर्काचे मनोरेही सरकवावे लागतात. म्हणून ते चाकांच्या गाड्यावर उभारलेले असतात. संपर्क तुटल्यास डंपर थांबतो. हे सुरक्षित खरे, पण त्याच्यामागची रांगही थांबते. यावर उपाय म्हणून अनेक खाणींनी वायफायऐवजी स्वतःचे खाजगी एलटीई जाळे उभारले. सर्व वाहने एका जाळ्याशी जोडलेली असल्याने त्या जाळ्यात बाहेरच्या कोणाचा शिरकाव होऊ न देणे, ही नवी जबाबदारीही खाणीवर आली आहे.

एक अडचण मात्र कोणाच्या फारशी ध्यानीमनी नव्हती. हे डंपर इतक्या अचूकपणे त्याच रेषेवरून धावतात की त्यांची चाके प्रत्येक खेपेस त्याच जागी पडतात आणि रस्त्यात खोल चाकोऱ्या तयार होतात. 'चाकोरी' हा मराठी शब्द येथे अक्षरशः लागू पडतो. माणसाच्या हातून होणारी किंचित डावी-उजवी हालचाल रस्त्याला उपकारकच होती, हे त्यातून उमगले. आता डंपरांचे मार्ग मुद्दाम थोडेथोडे बाजूला सरकवले जातात.

निरनिराळ्या कंपन्यांच्या प्रणाली परस्परांशी सहज जुळत नाहीत, त्यामुळे खाण एकाच निर्मात्याशी बांधली जाण्याचा धोका असतो. पिलबारातील रॉय हिल खाणीने कॅटरपिलर आणि हिताची या दोन्ही बनावटींचे जुने डंपर तिसऱ्याच कंपनीच्या प्रणालीवर आणण्याचा मार्ग निवडला. लहान खाणींना हा सारा खर्च परवडत नाही. जेथे चालकाचे वेतन कमी आहे, तेथे तो भरूनही निघत नाही.

रोजगारावरील परिणाम

डंपर चालवणे हे विशेष शिक्षण नसलेल्यांना चांगले वेतन देणारे काम होते. पिलबारात अनेक स्त्रियाही ते करत. चालकविरहित डंपर आल्यावर काही चालक नियंत्रण केंद्रात किंवा अन्य यंत्रांवर गेले, परंतु जागांची एकूण संख्या तीच राहिली नाही. कॅनडातील सनकोर कंपनीने जानेवारी २०१८ मध्ये अल्बर्टातील तेलवाळूच्या खाणींत १५० हून अधिक चालकविरहित डंपर आणण्याची योजना जाहीर केली, तेव्हा यंत्रचालकांच्या सुमारे ४०० जागा कमी होतील, असे तिनेच सांगितले होते. कामगार संघटनेने त्यास विरोध केला.

जी नवी कामे निर्माण झाली, त्यांतील बरीचशी खाणीपासून दूर, मोठ्या शहरात आहेत. खाणीजवळच्या वस्त्यांच्या वाट्याला ती क्वचितच येतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात २०१९ मध्ये शासकीय तंत्रशिक्षण संस्थेत स्वयंचलित कार्यस्थळांसाठीचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सुरू झाला. या बदलातून आणखी एक प्रश्न उभा राहिला आहे. आज नियंत्रण केंद्रात बसणाऱ्यांपैकी पुष्कळांनी पूर्वी स्वतः डंपर चालवला आहे. ओला चढ कसा लागतो, भरलेला डंपर उतारावर कसा ओढतो, हे त्यांना अंगवळणी ठाऊक आहे. पुढच्या पिढीला हा अनुभव कोठून द्यायचा, यावर खाणउद्योगात विचार चालू आहे.

इतर देशांत

ब्राझीलमधील वाले कंपनीने मिनास जेराइस राज्यातील ब्रुकुटू खाणीत चालकविरहित डंपर वापरात आणले आहेत. चीनमध्ये अंतर्गत मंगोलियातील यीमिन कोळसा खाणीत मे २०२५ मध्ये विजेवर चालणारे १०० चालकविरहित डंपर एकाच वेळी कामावर रुजू झाले. भूमिगत खाणींत उपग्रहाचे संकेत पोहोचत नसल्याने तेथे बोगद्याच्या भिंतींचे लेझरने मापन करून वाहनाचे स्थान ठरवले जाते. तेथील स्वयंचलित क्षेत्राला दरवाजे असतात आणि माणूस आत शिरताच सर्व यंत्रे थांबतात.