बोटावरच्या चिमट्याची कुळकथा

सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली आणि नवी मुंबईतही आरोग्यपथकं दारोदार जाऊन माणसांच्या बोटाला चिमटा, म्हणजे पल्स ऑक्सिमीटर, लावू लागली. वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात तोवर कोविड रुग्णालय उभं राहिलं होतं. ‘सॅच्युरेशन किती?’, म्हणजे रक्तात ऑक्सिजन किती टक्के, हे घराघरांत विचारलं जाऊ लागलं. त्याआधी ही भाषा होती ऑपरेशन थिएटरची आणि आयसीयूची.

भूलतज्ज्ञांची जुनी साधनं म्हणजे नाडीवर बोट, छातीवर नजर आणि ओठ-नखांचा रंग. पण डोळा या कामी फार उशिरा जागा होतो. कॉम्रो आणि बोटेल्हो या संशोधकांनी १९४७ मध्ये दाखवून दिलं, की सॅच्युरेशन ८० टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत बहुतेकांना निळेपणा खात्रीने ओळखताच येत नाही.

प्रकाशाने ऑक्सिजन मोजायची कल्पना तेव्हाही होती. ऑक्सिजन असलेलं रक्त लाल प्रकाश कमी शोषतं, नसलेलं जास्त. अडचण अशी, की कातडी, मांस, शिरांमधलं रक्त हे सगळंच प्रकाश शोषतं. त्यातून धमनीचं रक्त वेगळं काढायचं कसं? जपानच्या निहोन कोहदेन कंपनीतले अभियंता ताकुओ आओयागी खरं तर दुसरंच काही मोजत होते. रक्तात रंग सोडून हृदयातून किती रक्त बाहेर पडतं, ते कानापाशी टिपायचं होतं. नाडीचे ठोके त्या आलेखात लहरी उठवून घोळ घालत. त्या पुसून टाकायच्या खटपटीत त्यांच्या ध्यानात आलं, की ठोक्यागणिक हलतं ते फक्त धमनीचं रक्त. लाल आणि इन्फ्रारेड प्रकाशातल्या त्या लहरींचं गुणोत्तर घेतलं की सॅच्युरेशन हाती येतं! १९७४ मध्ये पेटंटचा अर्ज झाला. मला या शोधाचं मोठेपण इथेच वाटतं: अडथळा ठरलेल्या ठोक्यातच उत्तर होतं.

थिएटरात तो रुजला १९८० च्या दशकात, अमेरिकेत. भूलतज्ज्ञ विल्यम न्यू यांच्या नेलकॉर कंपनीने यंत्राला आवाज दिला. सॅच्युरेशन उतरलं की सूरही उतरतो. घशात नळी घालणाऱ्या डॉक्टरची नजर घशावरच राहते, बातमी कानाला कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ मध्ये सुरक्षित शस्त्रक्रियेची तपासणी-यादी आणली, तिच्यात भूल देण्याआधी ऑक्सिमीटर लावून चालू असल्याची खात्री करायला सांगितलं. त्या कामाचं नेतृत्व शल्यचिकित्सक अतुल गावंडे यांचं; त्यांचे वडील यवतमाळ जिल्ह्यातल्या उटी गावचे.

आओयागी एप्रिल २०२० मध्ये वारले. जग तेव्हा त्यांचंच यंत्र शोधत होतं.

तरी या चिमट्यावर सगळा भार टाकता येत नाही. भुलीआधी रुग्णाला भरपूर ऑक्सिजन दिलेला असतो, त्यामुळे नळी चुकून अन्ननलिकेत गेली तरी आकडा काही काळ चांगलाच दिसतो. ती चूक आधी सांगतो श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारा कॅप्नोग्राफ. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात आढळलं, की कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये ऑक्सिजनची खरी कमतरता या यंत्राच्या नजरेतून जवळजवळ तिप्पट वेळा निसटते. आपल्या सावळ्या हातांसाठी ही गोष्ट फार जवळची आहे. आकडा आणखी फसू नये म्हणून बोट गार असेल तर आधी ऊब द्यावी, नेलपॉलिश पुसावं. आणि आयसीयूत रुग्णाला धाप लागलेली असताना आकडा ९५ दाखवत असेल, तर धमनीतून रक्त काढून एबीजीला, म्हणजे रक्तातल्या वायूंच्या तपासणीला, पाठवावं.