लिव्ह अँड लायसन्स करार (महाराष्ट्र)

लिव्ह अँड लायसन्स करार हा घरमालकाने आपली जागा ठरावीक मुदतीसाठी व मोबदल्यासाठी दुसऱ्या व्यक्तीस वापरावयास देण्याचा लेखी करार होय. महाराष्ट्रात एखादी सदनिका किंवा खोली राहण्यासाठी भाड्याने देताना प्रामुख्याने हीच पद्धत वापरली जाते. व्यवहारात यास 'भाडेकरार' म्हटले जात असले, तरी कायद्याच्या दृष्टीने तो भाडेपट्टा नसून परवाना असतो. वापरणाऱ्यास परवानाधारक आणि मोबदल्यास परवाना शुल्क म्हणतात.

== पार्श्वभूमी ==
मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ अन्वये अनेक जुन्या जागांचे प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० रोजीच्या भाड्यावर गोठवले गेले व भाडेकरूंना व्यापक संरक्षण मिळाले. त्यामुळे घरमालक भाडेपट्ट्याऐवजी परवान्याकडे वळले. १९७३ च्या दुरुस्तीने १ फेब्रुवारी १९७३ रोजी चालू करारान्वये ताबा असलेल्या परवानाधारकांनाही भाडेकरूंचा दर्जा दिला. परिणामी घर भाड्याने दिल्यास ते परत मिळणार नाही, ही भीती घरमालकांत रुजली. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये गोठवलेल्या भाड्याच्या तरतुदी अवाजवी ठरवल्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अमलात आला आणि त्याने परवान्यावर दिलेली निवासी जागा परत मिळवण्याची स्वतंत्र तरतूद केली.

== भाडेपट्टा व परवाना यांतील फरक ==
भाडेपट्ट्याने जागेत हितसंबंध निर्माण होतो. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ५२ नुसार परवान्याने मात्र केवळ वापराची अनुमती मिळते. दस्ताच्या शीर्षकापेक्षा पक्षकारांचा खरा हेतू निर्णायक असतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्ये असोसिएटेड हॉटेल्स ऑफ इंडिया विरुद्ध आर. एन. कपूर या खटल्यात मांडले.

== नोंदणी ==
नोंदणी अधिनियम, १९०८ नुसार एक वर्षापेक्षा अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांची नोंदणी सक्तीची आहे. त्यावरून अकरा महिन्यांच्या कराराची नोंदणी लागत नाही, असा समज देशभर प्रचलित आहे. महाराष्ट्रात तो लागू पडत नाही. १९९९ च्या अधिनियमाच्या कलम ५५ नुसार मुदत कितीही असली तरी करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक असून ही जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदवलेला नसल्यास, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबाबत वापरणाऱ्याचे म्हणणे ग्राह्य धरले जाते. घरमालकास तीन महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. नोंदणी दुय्यम निबंधक कार्यालयात अथवा नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ऑनलाइन प्रणालीद्वारे करता येते.

== मुद्रांक शुल्क ==
६० महिन्यांपर्यंतच्या करारावर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ३६-अ नुसार ०.२५ टक्के शुल्क आकारले जाते. त्यासाठी संपूर्ण मुदतीचे परवाना शुल्क, परत न करावयाची रक्कम आणि परतावायोग्य अनामत रकमेवरील वार्षिक १० टक्के दराचे व्याज यांची बेरीज करतात. उदाहरणार्थ, २४ महिन्यांसाठी दरमहा १६,००० रुपये व ८०,००० रुपये अनामत असल्यास:

* परवाना शुल्क: ३,८४,००० रुपये
* अनामतीवरील दोन वर्षांचे व्याज: १६,००० रुपये
* एकूण: ४,००,००० रुपये
* मुद्रांक शुल्क: १,००० रुपये

नोंदणी फी याव्यतिरिक्त असते.

== करारात नमूद करावयाच्या बाबी ==
अधिनियमानुसार लेखी करार हा त्यात नमूद केलेल्या गोष्टींचा निर्णायक पुरावा मानला जातो. त्यामुळे तोंडी ठरलेल्या बाबीही करारात आणणे हिताचे असते.

* मुदतीचा आरंभ व शेवटचा दिवस
* परवाना शुल्क, ते देण्याची तारीख व मुदतीतील वाढ
* अनामत रक्कम, तीतून करावयाच्या वजावटी व परताव्याची वेळ
* मुदतीपूर्वी करार संपवण्यासाठी सूचनेचा कालावधी
* वीज देयक, देखभाल खर्च व किरकोळ दुरुस्ती यांची विभागणी
* पंखे, गिझर, फर्निचर आदी वस्तूंची यादी व त्यांची स्थिती

ताबा देताना वीज मीटरवरील नोंद व खोल्यांची छायाचित्रे घेतल्यास अनामतीच्या परताव्यावरून उद्भवणारे वाद टळू शकतात.

== मुदत संपल्यानंतर ==
मुदत संपूनही परवानाधारकाने जागा न सोडल्यास कलम २४ अन्वये घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. तोवरच्या वापरासाठी परवाना शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईची तरतूद आहे. समन्स बजावल्यापासून ३० दिवसांत परवानाधारकाने प्रतिज्ञापत्राद्वारे विरोधाची परवानगी मागणे आवश्यक असते. कुलूप बदलणे, सामान बाहेर काढणे किंवा पाणी-वीज तोडणे हा कायद्याने दिलेला मार्ग नव्हे. त्यामुळे घरमालकच कारवाईस पात्र ठरू शकतो. त्याच व्यक्तीस पुढे ठेवावयाचे असल्यास नवा करार करून नोंदवावा लागतो.

== इतर जबाबदाऱ्या ==
अनेक शहरांत पोलीस आयुक्तांच्या आदेशांनुसार भाड्याने राहणाऱ्यांची माहिती पोलीस ठाण्यास कळवावी लागते. सहकारी गृहनिर्माण संस्थेस बिनभोगवटा शुल्क आकारता येते. १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. प्राप्तिकराच्या दृष्टीने हे उत्पन्न सामान्यतः 'घर-मालमत्तेपासूनचे उत्पन्न' ठरते. त्यातून भरलेला महापालिका कर वजा केल्यानंतर उरलेल्या रकमेवर ३० टक्के प्रमाणित वजावट मिळते.

== हे सुद्धा पहा ==
* पागडी पद्धत
* सहकारी गृहनिर्माण संस्था
* मुद्रांक शुल्क