पळवापळवीचा इतिहास : सुरत, मुंबई आणि मधली माणसे

राष्ट्रीय सभेचे १९०७चे अधिवेशन मुळात नागपूरला भरायचे होते. नागपुरात टिळकपक्षाचा जोर फार, म्हणून मवाळ पुढाऱ्यांनी ते उचलून सुरतेला आणले. पुढे काय झाले ते शाळकरी पोरालाही ठाऊक असते. रासबिहारी घोष अध्यक्ष, टिळक व्यासपीठावर येऊन बोलू पाहताहेत, मंडपात गोंधळ, आणि त्या गोंधळात कुठूनसा एक मराठी जोडा भिरभिरत आला तो फिरोजशहा मेहता आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी या दोघांनाही प्रसाद देऊन गेला. महाराष्ट्राचे काही तरी उचलून गुजरातेत नेल्याची ओरड अलीकडे वरचेवर कानी येते. तिची वंशावळ काढायला बसलो तर मी या जोड्यापासून सुरुवात करीन. नागपूर तेव्हा मध्य प्रांतात होते आणि सुरत मुंबई इलाख्यात, हे खरे. पण तक्रारीला असल्या तपशिलाची फारशी गरज लागत नाही.

सुरतेच्या जुन्या मंडळींना विचारले तर ती हीच गोष्ट उलट्या बाजूने सांगतात. मोगलांचे हे भरभराटीचे बंदर. हजला जाणारी जहाजे इथून सुटत. इंग्रजांची वखारही आधी इथेच पडली. शिवाजी महाराज १६६४ आणि १६७० अशा दोनदा सुरतेवर आले, ते इथल्या संपत्तीची कीर्ती ऐकूनच. पुढे १६८७ साली इंग्रज कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईला हलवले. मग हळूहळू पारशी, वाणी, बोहरी असे सगळेच त्या वाटेने गेले. म्हणजे सुरतेच्या दृष्टीने पहिली पळवापळवी मुंबईने केली. त्या हिशेबाने आज जे चालले आहे ते मुद्दलाची वसुली म्हणायचे, आणि व्याज किती धरायचे ते ज्याने त्याने ठरवावे!

दोन राज्यांचे भांडण म्हणून या गोष्टीला आकार आला तो मात्र १९५६ नंतर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्वैभाषिक मुंबई राज्य झाले आणि १ मे १९६० रोजी ते मोडले. या साडेतीन वर्षांत महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने आणि गुजरातेत इंदुलाल याज्ञिकांच्या महागुजरात जनता परिषदेने रान उठवले. आपल्याकडे मोरारजी देसाई हे नाव निघाले की घरातली वडीलधारी माणसे अजून दात-ओठ खातात; त्यांचे जन्मगाव भदेली हे वलसाडजवळचे, तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातले. मुंबई महाराष्ट्राला मिळाली. गुजरातला नवी राजधानी उभारण्यासाठी आणि सुरुवातीच्या वर्षांची तूट भरून काढण्यासाठी महाराष्ट्राने पैसे द्यायचे ठरले. डांग गुजरातेत गेला. बाळासाहेब खेर आणि मोरारजींनी १९४९मध्येच डांग गुजराती ठरवून टाकला होता आणि त्यावर मराठी वर्तमानपत्रांनी बरीच शाई खर्ची घातली होती. ठाणे जिल्ह्यातल्या उंबरगावची आणि पश्चिम खानदेशातल्या नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावे गुजरातेत टाकली गेली. तापीवर उकाईचे धरण व्हायचे होते, ते डोळ्यांसमोर ठेवूनच त्या भागाची रेघ आखली गेली. धरण १९७२च्या सुमारास पुरे झाले. त्या गावांतल्या भिल्ल-गावितांना ना मुंबईचे पडले होते ना अहमदाबादचे. त्यांच्या वाट्याला पाणी आले, तेही घरादारांवरून.

पण कागदावरची रेघ आणि माणसांची वाट यांचे जमत नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर सुरतेहून भुसावळकडे तापी खोऱ्यातून रेल्वे झाली होती. खानदेशचा कापूस बंदराकडे न्यावा हा तिचा हेतू. कापसामागोमाग माणसे आली. ही लाइन मुख्य मार्गाला मिळते ते जंक्शन उधना, आणि आमची वस्ती त्याच उधन्याच्या आसपास वाढली, हा योगायोग नव्हे. अमळनेर, शिंदखेडा, दोंडाईचा, नंदुरबार इथून गाडीत बसले की न बदलता उधन्याला उतरता येते. मग खोली शोधायची ती स्टेशनच्या जवळच. इथल्या ज्येष्ठांना विचारा, निम्म्यांची कहाणी ७२च्या दुष्काळापासून सुरू होते. लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत आजही सकाळी चहाच्या टपरीवर अहिराणी जितकी ऐकू येते तितकी जळगावच्या कोर्टाबाहेरही येत नसेल.

हे लोक ज्या मागांवर लागले त्यांचाही इतिहास पाहण्यासारखा आहे. सुरत मुळात जरीची. जरीवरून ती कृत्रिम रेशमावर आली, रेशमावरून नायलॉन-पॉलिस्टरवर. एका धंद्याला ओहोटी लागली की त्याच हातांनी, त्याच भांडवलाने शेजारचा धंदा धरायचा, ही इथली रीत. मुंबईच्या गिरणीमालकाला ही रीत साधली नाही. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरणी संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या बसल्या, पण कपडा विकत घेणारी गिऱ्हाइके थोडीच बसणार होती? भिवंडी, इचलकरंजी, मालेगाव आणि सुरत इथल्या यंत्रमागांवर ते काम वाटले गेले.

इथे मी थोडा थांबतो, कारण आपल्या सभा-संमेलनांत या वळणावरून लोक घाईने पुढे जातात. लालबाग-परळमध्ये ज्याची नोकरी गेली तो मराठी होता. आणि उधन्यात बारा-बारा तासांच्या पाळीत, मीटरवर मजुरी घेऊन, ना प्रॉव्हिडंट फंड ना हक्काची सुट्टी अशा अवस्थेत ज्याने लूम चालवला त्यांतही मराठी माणूस होता. एकाच खानदेशी घरातला थोरला भाऊ परळला आणि धाकटा पांडेसऱ्याला, अशी उदाहरणे आमच्या आळीत होती. थोरल्याच्या युनियनने मागितले ते जास्त होते की नव्हते, यावर दिवाळीत दोघांचे वाद होत. गेले ते महाराष्ट्राचे आणि आले ते गुजरातचे, असे म्हणताना या दोघांना कुठल्या रकान्यात घालायचे ते मला अजून कोणी सांगितलेले नाही.

हिऱ्याची गोष्ट निराळी. तिथे कारीगर बहुतेक सौराष्ट्रातला आणि व्यापारी पालनपूरचा किंवा काठियावाडी पटेल. आज जगातल्या दहा हिऱ्यांपैकी नऊ सुरतेत पैलू पाडून निघतात असे सांगतात. पण हिरा घासायचा सुरतेत आणि विकायचा मुंबईत, ही वाटणी कित्येक दशके चालली. मधला दुवा अंगडिया. साध्या पिशवीत लाखोंचा माल घेऊन हा माणूस रात्रीच्या गाडीने जायचा, आणि पावती म्हणजे केवळ शब्द. दलालांची गाडी म्हणजे फ्लाइंग राणी: सकाळी सुरतेहून निघावे, मुंबईत सौदे उरकावेत, संध्याकाळच्या त्याच गाडीने घरी यावे. तिचे दुमजली डबे १९७९ साली आले आणि २०२३मध्ये निघाले. मुंबईने २०१०मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स उघडला. सुरतेने १७ डिसेंबर २०२३ रोजी खजोदला स्वतःचा बोर्स उघडला, चार हजारांहून अधिक कचेऱ्यांचा. मुंबईचा हिरेबाजार आता रिकामा होणार, अशी हाकाटी झाली. प्रत्यक्षात मोठा गाजावाजा करून आलेल्या एका बड्या पेढीनेही काही आठवड्यांत परतीची वाट धरली. इमारत बांधणे सोपे. बँका, विमाने, परदेशी गिऱ्हाईक आणि बायकापोरांची शाळा हे सारे एका जागी आणणे अवघड. त्यात रशियन कच्च्या मालावरचे निर्बंध, प्रयोगशाळेतला हिरा आणि २०२५मधला अमेरिकेचा पन्नास टक्क्यांचा आयात कर. घंटीवर बसणाऱ्याला बोर्स कुठे आहे याच्यापेक्षा या आठवड्यात काम किती दिवस मिळेल याचीच काळजी.

दोन शेजारी प्रांतांनी असे हमरीतुमरीवर येणे हे काही आपलेच वैशिष्ट्य नाही. कॅनडात अल्बर्टा हा तेलाचा प्रांत. तेल एक दिवस संपेल म्हणून पीटर लॉहीड या तिथल्या मुख्यमंत्र्याने १९७६ साली तेलाच्या उत्पन्नातून वेगळा निधी काढला, इतर धंदे उभे राहावेत म्हणून. १९८०मध्ये पिअर ट्रुडोंच्या केंद्र सरकारने राष्ट्रीय ऊर्जा कार्यक्रम आणला आणि तेलाच्या पैशात मोठा हात घातला, तेव्हा याच लॉहीडने उत्पादन कमी करून ओटावाला धडा शिकवला. २०१८मध्ये तर पाइपलाइनच्या भांडणात अल्बर्टाने शेजारच्या ब्रिटिश कोलंबियाची वाइनच काही दिवस बंद केली. आपल्याकडे नाशिकची द्राक्षे वघईच्या नाक्यावर अडवण्यासारखेच हे.

पण एक फरक आहे आणि तो मोठा आहे. कॅनडात जमिनीखालची संपत्ती प्रांताची. आपल्याकडे समुद्रातले तेल व वायू घटनेच्या २९७व्या कलमानुसार केंद्राचे. १९७४मध्ये मुंबई हायला तेल लागले, नाव मुंबईचे, पण त्यावर महाराष्ट्राला रॉयल्टीचा हक्क नाही. तेथल्या समुद्रातला वायू उरणला आला तसा दक्षिण वसईच्या क्षेत्रातला हजिऱ्यालाही आला, आणि हजिऱ्याचे नशीब उघडले. कृभको, मग रिलायन्स, एस्सारचे पोलाद (२०१९पासून आर्सेलर मित्तल-निप्पॉनचे), आणि तिथून उत्तरेकडे जाणारी मोठी वायुवाहिनी. सुरत तेव्हापासून केवळ कापड-हिऱ्यांची राहिली नाही. भांडायचे तर या वायूवरून भांडायला हवे होते. पण वाहिनी समुद्राखालून येते, दिसत नाही, आणि न दिसणाऱ्या गोष्टीवर मोर्चा काढता येत नाही.

दिसणाऱ्या गोष्टींवर मात्र निघतात. एप्रिल २०२०मध्ये आंतरराष्ट्रीय वित्तसेवा केंद्रांच्या प्राधिकरणाचे मुख्यालय गांधीनगरला जाणार असे जाहीर झाले, तेही महाराष्ट्र दिनाच्या तोंडावर. सप्टेंबर २०२२मध्ये तळेगावला येणार म्हणून बोलला जाणारा वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प गुजरातेत गेला. पुढच्या जुलैत फॉक्सकॉनने अंग काढून घेतले आणि ज्यावरून रण माजले ते कुठेच उभे राहिले नाही. टाटा-एअरबसची विमाने बडोद्याला गेली, ती मात्र खरीच उभी राहिली. त्याच २०२२च्या जूनमध्ये महाराष्ट्रातले नाराज आमदार आधी आले ते सुरतेच्या एका हॉटेलात. १९०७ची आठवण मला त्या वेळी झाली. जोडा कोणी फेकला नाही एवढेच.

या गदारोळात नवापूरकडे मात्र कोणाचे लक्ष नाही. नवापूर स्टेशनचा फलाट निम्मा महाराष्ट्रात आणि निम्मा गुजरातेत. तिकिटाची खिडकी इकडे, स्टेशन मास्तर तिकडे, आणि गाडीची घोषणा चार भाषांत. गेल्या दहाएक वर्षांत सुरतेचे विणकर याच नवापूरच्या औद्योगिक वसाहतीत लूम घेऊन येऊ लागले, कारण महाराष्ट्राच्या वस्त्रोद्योग धोरणात विजेला सवलत होती. ग्रे कापड नवापूरला विणायचे, रंगवायचे सुरतेत. आता ओरडण्याची पाळी सुरतेच्या संघटनांची होती: आमचे माग महाराष्ट्र पळवतो आहे, आम्हालाही तेवढीच सवलत द्या! महाराष्ट्राने २०२३मध्ये नवे धोरण आणले, गुजरातने २०२४मध्ये. सवलत दोन्हीकडे तिजोरीतूनच जाते. मजुरीचा मीटरचा दर काय असावा, याविषयी दोन्ही राज्यांत अशी चढाओढ लागल्याचे मी पाहिलेले नाही.

पाण्याचेही तसेच. तापी-पार-नर्मदा जोडप्रकल्पासाठी केंद्र आणि दोन्ही राज्ये २०१०मध्ये एका कागदावर आली. २०२२मध्ये डांग, वलसाड, तापीच्या आदिवासींनी मोर्चे काढले आणि गुजरात सरकारने तो प्रकल्प सोडल्याचे जाहीर केले. दमणगंगेचे पाणी मुंबईला न्यायचे बोलणे अजून कागदावरच आहे. केंद्रात जलशक्ती खाते जून २०२४पासून सी. आर. पाटलांकडे आले: जन्म जळगाव जिल्ह्यातला, खासदारकी नवसारीची. हे खाते त्यांच्याकडे आले तेव्हा लिंबायतमध्ये पेढे वाटले गेले, आणि माझ्या माहितीप्रमाणे जळगावातही.

सुरत महापालिका मराठी माध्यमाच्या शाळा चालवते. पुस्तके गांधीनगरहून येतात, मराठीत छापलेली. आमच्याकडच्या पोरांना १ मे हा दिवस दोनदा शिकवला जातो, शाळेत गुजरातचा स्थापनादिन म्हणून आणि घरी महाराष्ट्राचा म्हणून. सुट्टी मात्र एकच मिळते.