न वितळणाऱ्या धातूची धूळ

टंगस्टनबद्दल आपल्या कारखान्यांत एक समज पक्का बसला आहे. टूलरूममधला जुना फोरमन तो बोलून दाखवतो, माल विकायला आलेला प्रतिनिधी तेच सांगतो, आणि शिकलेसवरलेले इंजिनिअरही मान डोलावतात. शिसं विषारी, पारा विषारी, क्रोमियमपासून जपावं. टंगस्टनचं कसलं भय? 3,422 अंश सेल्सिअसपर्यंत ते वितळत नाही, साध्या आम्लांना दाद देत नाही, लोखंडासारखं गंजत नाही. जे कशातच मिसळत नाही, ते शरीराला काय करणार?

हा पूर्वपक्ष बिनतोड वाटतो, म्हणून त्यातलं खरं तेवढं आधी मान्य करतो. टंगस्टनची कांडी हातात धरल्याने किंवा खिशात ठेवल्याने कुणाला काही होत नाही. अमेरिकेत नेवाडा राज्यातल्या फॅलन गावी 1997 नंतरच्या काही वर्षांत मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण अचानक वाढले. तपासणीत तिथल्या लोकांच्या लघवीत टंगस्टन जास्त सापडलं आणि संशय त्याच्यावर गेला. पण रोग त्यानेच झाला असं सिद्ध झालं नाही. ते उदाहरण मी माझ्या बाजूने वापरणार नाही.

चूक आहे ती हेतूत, म्हणजे दिलेल्या कारणात. ‘वितळत नाही, विरघळत नाही, म्हणून निरुपद्रवी’ या अनुमानातला हेतू नैयायिकांच्या भाषेत सव्यभिचार आहे. हेतू असूनही साध्य नाही, अशी उदाहरणं समोर उभी आहेत. ॲस्बेस्टॉस जळत नाही, म्हणून तर त्याचे हातमोजे शिवले गेले. वाळूतली सिलिका 1,700 अंशांच्या आसपास वितळते आणि पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. या दोघांनी किती कामगारांच्या छात्या निकामी केल्या, हे खाणीत आणि फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला विचारा. फुप्फुसात खोल गेलेला कण विरघळत नाही, निघत नाही, हीच तिथली अडचण असते. वितळणबिंदू भट्टीवाल्याने विचारायचा. श्वासाचा प्रश्न वेगळा आहे.

शिवाय आपल्या कामगाराची गाठ शुद्ध टंगस्टनशी क्वचितच पडते. ती पडते विडियाशी. 1923 मध्ये जर्मनीत श्रोएटर यांनी टंगस्टन कार्बाइडची भुकटी कोबाल्टमध्ये बांधून कठीण धातू करण्याची रीत शोधली. पुढे क्रुप कंपनीने तो ‘विडिया’ या नावाने, म्हणजे ‘हिऱ्यासारखा’ म्हणून, बाजारात आणला. ते नाव आपल्या लेथवर असं रुजलं की कापणारी टिप कुठल्याही कंपनीची असो, ऑपरेटर तिला विडियाच म्हणतो. तिच्यात बहुधा 6 ते 12 टक्के कोबाल्ट असतो. तो नसेल तर कार्बाइडचे कण एकमेकांना धरून राहणार नाहीत. मग टिप घासली की उडणाऱ्या धुळीत दोघंही असतात, हे वेगळं सांगायला नको.

भोसरीतल्या एका लहान शेडमध्ये मी हे काम तासभर उभा राहून पाहिलं आहे. ग्राइंडरच्या हिरव्या चाकाला टिप टेकली की लोखंडासारखा ठिणग्यांचा फुलबाजा उडत नाही. उडते ती तोकडी, मळकट तांबूस ठिणगी. पाहणाऱ्याला वाटतं, काहीच उडत नाही. पण तासाभरात चाकामागच्या भिंतीवर, चहाच्या ग्लासाच्या कडेवर, टिप घासणाऱ्या मुलाच्या पापण्यांवर काळसर राखाडी थर बसला होता. नाकाला रुमाल बांधलेला. काम संपल्यावर त्याने एअर गन उचलली आणि शर्टावरची धूळ फुंकून दिली. खाली बसलेली सगळी धूळ पुन्हा हवेत, थेट त्याच्या तोंडासमोर.

या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचं वर्णन जर्मनीतून 1940 मध्येच आलं. कोरडा खोकला, चढताना धाप, वजन घटणं. फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर काही रुग्णांत अनेक केंद्रकं असलेल्या राक्षसी पेशी दिसतात आणि त्यांच्या पोटात दुसऱ्या पेशी गिळलेल्या असतात.

यावर प्रतिपक्षाचा एक चांगला आक्षेप आहे: हा तर कोबाल्टचा गुन्हा, टंगस्टनच्या नावावर का घालता? आक्षेपाला आधारही आहे. बेल्जियममध्ये कोबाल्टच्या चकत्यांवर हिरे घासणाऱ्यांना हाच आजार झाला आणि तिथे टंगस्टनचा संबंध नव्हता. पण बेल्जियममधल्याच संशोधकांनी 1990 च्या दशकात पुढची पायरी दाखवली. नुसता कोबाल्ट जेवढी इजा करतो, त्याहून जास्त इजा कोबाल्ट आणि कार्बाइड एकत्र असताना होते. कोबाल्टकडचे इलेक्ट्रॉन कार्बाइडच्या पृष्ठभागावर जातात, तिथे ऑक्सिजनला मिळतात आणि पेशी जाळणारे ऑक्सिजनचे तीव्र रेणू तयार होतात. म्हणजे ज्याला आपण निष्क्रिय म्हणत होतो, तोच भागीदार या क्रियेला जागा देतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कोबाल्टसह टंगस्टन कार्बाइडला ‘बहुधा कर्करोगकारक’ या 2ए गटात घातलं.

नुसत्या नावावर विसंबलं की काय होतं, ते आकड्यांत दिसतं. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने सुचवलेली हवेतल्या अविद्राव्य टंगस्टनची मर्यादा घनमीटरला 5 मिलिग्रॅम आहे. त्यात 2 टक्क्यांहून जास्त कोबाल्ट असेल तर हीच संस्था कोबाल्टची मर्यादा लावायला सांगते: 0.05 मिलिग्रॅम. शंभर पटींचा फरक.

‘आम्ही ओलं ग्राइंडिंग करतो’ हे उत्तरही पुरेसं नाही. कूलंटने धूळ कमी होते, खरं. पण कोबाल्ट त्या कूलंटमध्ये विरघळत जातो, तेच पाणी फिरून फिरून चाकावर येतं आणि तुषारांतून नाकात जातं. महिनोन्‌महिने न बदललेलं कूलंट म्हणूनच घातक.

आर्गॉन वेल्डिंगवाल्यांची गोष्ट निराळी, समज मात्र तोच. लाल टोकाच्या टंगस्टन कांडीत 2 टक्के थोरियम ऑक्साइड असतं आणि थोरियम किरणोत्सारी आहे. कांडी पेटीत पडून असताना धोका नगण्य; टोक काढायला ती ग्राइंडरवर घासली की ती धूळ छातीत जाते. निळ्या टोकाची लँथॅनमची किंवा करड्या टोकाची सिरियमची कांडी बाजारात मिळते आणि बहुतेक कामं तिच्यावर होतात. लाल कांडीचा हट्ट निव्वळ सवयीचा आहे.

टंगस्टन जळत नाही, हेही खरं नाही. चालू बल्बची काच फुटली की तार क्षणात जळून जाते. बारीक भुकटी पेट घेते, आणि पेटलेल्या धातूवर पाणी मारायचं नसतं. कोरडी वाळू जवळ हवी.

उपाय साधे आहेत: चाकाला चिकटून धूळ ओढणारा पंखा, वेळेवर बदललेलं कूलंट, रुमालाऐवजी धुळीचा खरा मास्क आणि एअर गनला बंदी. लहान शेडलाही यातलं काही आवाक्याबाहेर नाही. आपल्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यात हार्ड मेटलने, म्हणजे विडियासारख्या कठीण धातूने, होणारे श्वसनाचे आजार नोंदवलेले आहेत. पण भरपाई मागायची तर आधी रोग ओळखला जायला हवा. तुम्ही विडिया घासत असाल, खोकला हटत नसेल आणि सुटीत गावी गेल्यावर बरं वाटत असेल, तर डॉक्टरांना ‘कंपनीत आहे’ एवढंच सांगू नका. विडिया घासतो, किती वर्षं घासतो आणि त्यात कोबाल्ट असतो, हे तिन्ही सांगा.