अमेरिकेतील पर्यायी हायस्कूल आणि सकारात्मक वर्तन साहाय्य कार्यक्रम : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

शिक्षणाच्या इतिहासात अभ्यासक्रम, परीक्षा, भाषामाध्यम आणि प्रशासन यांविषयी विपुल लेखन झाले आहे. त्या मानाने शाळेने ज्यांना बाहेर काढले त्या विद्यार्थ्यांचा इतिहास उपेक्षित राहिला आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत अशा विद्यार्थ्यांसाठी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात 'पर्यायी शाळा' या नावाने एक स्वतंत्र व्यवस्था उभी राहिली. त्याच काळात मानसशास्त्र व विशेष शिक्षण यांच्या क्षेत्रात शिक्षेऐवजी साहाय्यावर भर देणारा 'सकारात्मक वर्तन साहाय्य' हा विचार आकाराला आला. हे दोन प्रवाह प्रदीर्घ काळ परस्परांपासून अलिप्त वाहत होते. ते एकत्र कसे आले व एकत्र आल्यावर कोणत्या अडचणी उद्भवल्या, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

पर्यायी शाळा : निवडीकडून हकालपट्टीकडे

'पर्यायी' या शब्दाचा मूळ अर्थ आजच्या अर्थाहून अगदी निराळा होता. १९६० मध्ये ए. एस. नील यांच्या इंग्लंडमधील समरहिल शाळेवरील पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले आणि मुक्त शाळांच्या चळवळीला त्यातून बळ मिळाले. १९६९ मध्ये फिलाडेल्फिया शहरात सुरू झालेला पार्कवे प्रकल्प हा या चळवळीचा सार्वजनिक शिक्षणातील ठळक आविष्कार होय. या हायस्कूलला स्वतःची इमारतच नव्हती. शहरातील संग्रहालये, ग्रंथालये, कार्यालये व व्यापारी संस्था हेच त्याचे वर्ग होते. प्रवेशासाठी गुणवत्ता वा वर्तणूक पाहिली जात नसे, चिठ्ठ्या टाकून विद्यार्थी निवडले जात. तेथे जाणारा विद्यार्थी स्वेच्छेने जात होता, ही बाब महत्त्वाची आहे.

पुढील पंचवीस वर्षांत हा अर्थ पालटला. मेरी अ‍ॅन रेविड यांनी १९९४ मध्ये पर्यायी शाळांचे तीन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारच्या शाळा विद्यार्थी स्वतः निवडतात. दुसऱ्या प्रकारच्या शाळेत निष्कासनापूर्वीची अखेरची संधी म्हणून त्याला धाडले जाते. तिसऱ्या प्रकारात अभ्यासातील वा भावनिक उणिवांवर उपचार अपेक्षित असतो. नेमक्या त्याच वर्षी अमेरिकी काँग्रेसने बंदूकमुक्त शाळा कायदा संमत केला. शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्यास किमान एक वर्षासाठी निष्कासित करण्याची अट संघीय अनुदानाशी जोडली गेली. अपवाद करण्याचा अधिकार मुख्य प्रशासकाला होता, तथापि कायद्याचा सूर कठोर होता आणि अनेक राज्यांनी व शाळामंडळांनी हीच कठोरता अमली पदार्थ, मारामारी, एवढेच नव्हे तर उद्धटपणा यांनाही लागू केली. 'झिरो टॉलरन्स' हा शब्दप्रयोग शाळांच्या परिभाषेत रूढ झाला. टेक्सास राज्याने १९९५ च्या शिक्षणसंहितेत शिस्तभंगासाठीच्या पर्यायी शिक्षण कार्यक्रमांची स्वतंत्र तरतूद केली. अशा रीतीने दुसरा प्रकार फोफावत गेला.

या विस्ताराची व्याप्ती राष्ट्रीय शैक्षणिक सांख्यिकी केंद्राच्या पाहणीतून दिसते. २०००-०१ मध्ये देशातील ३९ टक्के शाळाजिल्हे शैक्षणिक अपयशाचा धोका असलेल्या विद्यार्थ्यांसाठी किमान एक पर्यायी शाळा वा कार्यक्रम चालवत होते. अशा शाळा व कार्यक्रमांची संख्या सुमारे १०,९०० आणि त्यांतील विद्यार्थ्यांची संख्या सुमारे ६,१२,९०० होती. सार्वजनिक शाळांतील एकूण विद्यार्थ्यांच्या तुलनेत हे प्रमाण जेमतेम १.३ टक्के भरते. परंतु विद्यार्थी वर्षभर येत-जात असल्यामुळे एका दिवशीच्या पटावरून या व्यवस्थेतून गेलेल्यांची खरी संख्या कळत नाही.

न्यायालये आणि शिक्षेचा अधिकार

या काळात शिक्षेच्या अधिकारावर न्यायालयांतही खल चालू होता. गॉस विरुद्ध लोपेझ (१९७५) या ओहायोतील खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दहा दिवसांपर्यंतच्या निलंबनापूर्वीही विद्यार्थ्यास आरोप सांगणे व बाजू मांडण्याची संधी देणे आवश्यक ठरवले. निकाल पाच विरुद्ध चार मतांनी लागला. दोनच वर्षांनी इन्ग्रहॅम विरुद्ध राइट (१९७७) या फ्लोरिडातील खटल्यात तितक्याच मताधिक्याने न्यायालय नेमके उलट्या बाजूला झुकले. एका विद्यार्थ्यास लाकडी फळीने वीसहून अधिक फटके मारण्यात आले होते. क्रूर शिक्षेविरुद्धचे घटनात्मक संरक्षण शाळेतील शारीरिक शिक्षेस लागू होत नाही, असा निर्णय झाला. याचा अर्थ असा की, विद्यार्थ्यास घरी पाठवण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकणे बंधनकारक झाले, परंतु त्याला मारण्यापूर्वी तसे ऐकणे घटनेने बंधनकारक ठरवले नाही. या विसंगतीकडे शिक्षणाच्या इतिहासकारांनी अधिक लक्ष द्यावयास हवे.

अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत मात्र कायद्याची दिशा स्पष्ट होत गेली. १९७५ च्या कायद्याने सर्व अपंग बालकांना सुयोग्य व मोफत सार्वजनिक शिक्षणाचा हक्क दिला. हॉनिग विरुद्ध डो (१९८८) या खटल्यात, अपंगत्वातून उद्भवलेल्या वर्तनासाठी शाळा अशा विद्यार्थ्यास एकतर्फी निर्णयाने दीर्घकाळ बाहेर ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. विद्यार्थ्यास हाकलता येत नसेल तर त्याच्या वर्तनाचे करावयाचे काय, हा प्रश्न त्यामुळे शाळांपुढे अपरिहार्यपणे उभा राहिला.

साहाय्याच्या विचाराचा उगम

या प्रश्नाचे उत्तर सर्वसाधारण शाळांतून आले नाही, ते तीव्र बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींच्या निवासी संस्थांमधील अनुभवातून आले. न्यूयॉर्कमधील विलोब्रुक संस्थेतील दारुण स्थिती १९७२ मध्ये दूरचित्रवाणीवरून देशासमोर आली आणि अशा संस्थांविरुद्ध लोकमत प्रक्षुब्ध झाले. तत्पूर्वी बी. एफ. स्किनर यांच्या साधक अभिसंधानाच्या सिद्धान्तावर आधारलेले उपयोजित वर्तन विश्लेषण विकसित झाले होते व १९६८ मध्ये त्याचे स्वतंत्र नियतकालिकही निघाले होते. या शास्त्राने पुष्कळ काही साध्य केले. परंतु स्वतःला इजा करून घेणाऱ्या व्यक्तींवर विजेचे झटके, कोंडून ठेवणे, अप्रिय वास व चवी यांसारखे उपायही त्याच शास्त्राच्या नावाने योजले जात होते.

१९८० च्या दशकात याविरुद्ध दोन दिशांनी आवाज उठला. एक दिशा नैतिक होती. तीव्र अपंगत्व असलेल्या व्यक्तींसाठी कार्य करणाऱ्या 'टॅश' या संघटनेने १९८१ मध्ये क्लेशदायक उपाय थांबवण्याची मागणी करणारा ठराव केला. दुसरी दिशा शास्त्रीय होती. ब्रायन आयवाटा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये स्वतःला इजा करण्याच्या वर्तनाचे कार्यात्मक विश्लेषण मांडले, तर एडवर्ड कार व मार्क ड्युरँड यांनी १९८५ मध्ये असे दाखवून दिले की, त्रासदायक वर्तन हा अनेकदा संवादाचाच एक प्रकार असतो. लक्ष वेधणे किंवा कठीण कामातून सुटका मिळवणे हा मुलाचा हेतू असेल, तर तेच मागण्याचा योग्य मार्ग त्याला शिकवल्यावर त्रासदायक वर्तन कमी होते. 'हे मूल असे का वागते?' या प्रश्नाची जागा 'अशा वागण्यातून त्याला काय मिळते?' या प्रश्नाने घेतली. १९९० मध्ये रॉबर्ट हॉर्नर व त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लेशरहित वर्तन साहाय्याचे तंत्र विस्ताराने मांडले.

येथे एक बाब ध्यानात घ्यावयास हवी. हा विचार जेथे जन्मला तेथे व्यक्तीला आणखी कोठे हाकलणे शक्यच नव्हते. संस्था हेच अखेरचे ठिकाण होते. पुढील विवेचनाच्या दृष्टीने हा तपशील निर्णायक आहे.

१९९७ चा कायदा आणि त्रिस्तरीय रचना

१९९७ मध्ये अपंग व्यक्ती शिक्षण कायद्यात झालेल्या दुरुस्तीने या विचाराला कायदेशीर स्थान दिले. विद्यार्थ्याचे वर्तन त्याच्या वा इतरांच्या अध्ययनात अडथळा आणत असेल, तर सकारात्मक उपाय व साहाय्य यांचा विचार करणे त्याच्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यासाठी आवश्यक झाले. मात्र त्याच कायद्याने शस्त्र वा अमली पदार्थांच्या प्रसंगी विद्यार्थ्यास ४५ दिवसांपर्यंत तात्पुरत्या पर्यायी शैक्षणिक ठिकाणी हलवण्याची मुभाही दिली. साहाय्य आणि स्थलांतर या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यातून, एकाच वेळी शाळेत आल्या.

१९९८ मध्ये ऑरेगन विद्यापीठात संघीय अनुदानातून एक राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. जॉर्ज सुगाई व हॉर्नर हे त्याचे प्रमुख अध्वर्यू होते. हिल वॉकर व सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये सार्वजनिक आरोग्याच्या धर्तीवर मांडलेली तीन स्तरांची कल्पना या केंद्राने देशभर नेली. सर्वांसाठी असलेला पहिला स्तर सुमारे ८० टक्के विद्यार्थ्यांना पुरेसा ठरतो, सुमारे १५ टक्क्यांना गटपातळीवर अधिक आधार लागतो आणि सुमारे ५ टक्क्यांना स्वतंत्र, सखोल योजना लागते, असे हे गृहीतक होय. शाळेने तीन ते पाच सोप्या अपेक्षा ठरवाव्यात, त्या गणिताप्रमाणे प्रत्यक्ष शिकवाव्यात, योग्य वर्तनाची दखल घ्यावी आणि कार्यालयात पाठवलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी तपासून निर्णय घ्यावेत, अशी ही पद्धती आहे. आरंभापूर्वी किमान ८० टक्के कर्मचाऱ्यांची संमती असावी, असाही दंडक होता.

हायस्कूल आणि पर्यायी हायस्कूल

हा कार्यक्रम मुख्यतः प्राथमिक शाळांत रुजला. हायस्कूलमध्ये विषयवार विभाग, मोठा पट आणि स्वतःला विषयतज्ज्ञ मानणारे शिक्षक यांमुळे तो रेंगाळला. 'सतरा वर्षांच्या मुलाला नीट वागल्याबद्दल चिठ्ठी द्यायची?' हा आक्षेप केवळ हेकटपणाचा नव्हता. बाह्य पारितोषिकाने अंगभूत आवड मंदावू शकते, हे लेपर, ग्रीन व निस्बेट यांनी १९७३ मध्येच प्रयोगाने दाखवले होते आणि अल्फी कोन यांनी १९९३ मध्ये बक्षिसांवर आधारलेल्या शिक्षणाची झडती घेतली होती. २००४ मध्ये इलिनॉयमध्ये हायस्कूलविषयी स्वतंत्र परिषद भरवावी लागली, यातच सर्व आले.

पर्यायी हायस्कूलमध्ये प्रश्न अधिक मूलभूत होता. ८०, १५ व ५ टक्क्यांचा त्रिकोण तेथे उलटा होतो. इतर शाळांच्या वरच्या स्तरातील विद्यार्थीच तेथे एकत्र आणले जातात. मग 'सर्वांसाठीचा' पहिला स्तर कोणासाठी? शिवाय बक्षिसे तेथे नवी नव्हती. अनेक पर्यायी कार्यक्रमांत गुणांची व 'पायऱ्यां'ची पद्धत पूर्वीपासूनच चालत आली होती. विद्यार्थी खालच्या पायरीवर दाखल होई आणि एकटे चालत जाणे, इतरांसोबत जेवणे, इतकेच काय पण मूळ शाळेत परतणे, हे सर्व पायऱ्या चढून कमवावे लागे. एका चुकीने तो पुन्हा तळाशी येई. नाव प्रोत्साहनाचे, व्यवहार वंचनेचा, असे या पद्धतीचे वर्णन करावे लागेल. त्यामुळे येथे नवा कार्यक्रम सुरू करणे म्हणजे बक्षिसे वाढवणे नव्हते. जे हक्काचे आहे ते कमावण्याच्या यादीतून काढून घेणे, हे खरे काम होते. तॅरी टोबिन व जेफ्री स्प्रेग यांनी २००० मध्ये पर्यायी शिक्षणातील उपयुक्त उपायांचा आढावा घेतला. त्यात शिक्षकामागे कमी विद्यार्थी, सुस्पष्ट रचना असलेला वर्ग, कार्यात्मक मूल्यमापन, सामाजिक कौशल्यांचे शिक्षण आणि एखाद्या प्रौढ मार्गदर्शकाचा आधार यांना महत्त्व दिलेले आढळते.

या संदर्भात पेनसिल्व्हेनियातील लीहाय विद्यापीठाच्या सेंटेनियल शाळेचे उदाहरण विशेष अभ्यसनीय आहे. भावनिक व वर्तनविषयक अडचणी असलेल्या, प्राथमिकपासून हायस्कूलपर्यंतच्या विद्यार्थ्यांना परिसरातील अनेक शाळाजिल्हे या पर्यायी शाळेत पाठवतात. येथे विद्यार्थ्यांना बळाने धरून ठेवणे व एकांतखोलीत ठेवणे हा नित्याचा प्रकार झाला होता. १९९८ नंतर मायकेल जॉर्ज यांच्या नेतृत्वाखाली शाळेची पुनर्रचना झाली. अमेरिकी शिक्षण विभागाच्या २०१२ च्या दस्तऐवजानुसार, वर्षाला एक हजाराहून कितीतरी अधिक असलेले असे प्रसंग दहापेक्षाही खाली आले. विद्यार्थी तेच होते, म्हणजे त्याच प्रकारचे, त्याच जिल्ह्यांतून आलेले. बदलले ते प्रौढांचे वर्तन. मुलाला आवर घालण्यात जो वेळ जात होता तो अध्यापन चांगले करण्याकडे आणि वर्तन शिकवण्याकडे वळवला गेला. विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे या शाळेला प्रशिक्षणार्थी शिक्षकांचे जे मनुष्यबळ लाभले ते सर्वसामान्य पर्यायी हायस्कूलला लाभत नाही, हेही नमूद केले पाहिजे. तरीही 'ही मुले वेगळी आहेत, येथे बळाशिवाय चालणार नाही' हा युक्तिवाद या एका उदाहरणाने निकालात निघतो.

यावरून असे दिसते की, पर्यायी हायस्कूलमध्ये हा कार्यक्रम नेणे म्हणजे एका परक्या ठिकाणी त्याचा प्रयोग करणे नव्हते. जेथून पुढे हाकलण्याची सोय नाही अशाच जागी त्याचा जन्म झाला होता. प्राथमिक शाळेच्या व्हरांड्यातील रंगीत फलकांपेक्षा तो येथे आपल्या मूळ रूपाच्या अधिक जवळ होता.

अपुरे राहिलेले प्रश्न

कार्यक्रमाच्या यशाचे मोजमाप प्रामुख्याने कार्यालयीन नोंदी व निलंबने यांच्या घटीवरून केले गेले. कॅथरीन ब्रॅडशॉ व सहकाऱ्यांनी मेरीलँडमधील ३७ प्राथमिक शाळांत केलेल्या व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक पद्धतीच्या अभ्यासात निलंबनांत घट आढळली. पर्यायी हायस्कूलबाबत एवढ्या काटेकोर पुराव्याची उणीव आहे आणि त्याचे कारण त्या शाळांच्या स्वरूपातच आहे. पट लहान असतो, विद्यार्थी काही आठवड्यांत बदलतात आणि नोंदींतील घट वर्तन सुधारल्यामुळे झाली की त्रासदायक विद्यार्थी निघून गेल्यामुळे, हे सांगणे कठीण होते. मूळ शाळेत परतल्यावर विद्यार्थ्याच्या मागोमाग त्याची साहाय्य योजना जाते की नाही, हा त्याहून गंभीर प्रश्न होय. ती गेली नाही तर तो त्याच वर्गात, त्याच कारणासाठी, पुन्हा बाहेर काढला जाण्याची शक्यता उरते.

कोण बाहेर काढला जातो हा प्रश्न तर वर्तनाच्या कक्षेत मावतच नाही. १९७५ मध्ये चिल्ड्रेन्स डिफेन्स फंडाने निलंबनांतील वांशिक विषमता उघड केली होती. रसेल स्किबा व सहकाऱ्यांच्या २००२ मधील अभ्यासात असे आढळले की, गोऱ्या विद्यार्थ्यांना धूम्रपान, मोडतोड अशा डोळ्यांना दिसणाऱ्या कारणांसाठी, तर कृष्णवर्णीयांना 'अनादर', 'गोंगाट' अशा शिक्षकाच्या मतावर अवलंबून असलेल्या कारणांसाठी अधिक प्रमाणात कार्यालयात पाठवले जाते. 'आदराने वागा' ही अपेक्षा भिंतीवर लिहिताना आदर कोणाच्या व्याख्येचा, हे ठरवणे म्हणूनच भाग पडते. जानेवारी २०१४ मध्ये संघीय शासनाने शिस्तीतील वांशिक भेदभावाविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुढील शासनाने त्या मागे घेतल्या.

कायद्याच्या संहितेत मात्र १९९७ ची जोडी टिकून राहिली. २००४ च्या दुरुस्तीने सकारात्मक साहाय्याची तरतूद कायम ठेवली. पर्यायी ठिकाणी पाठवण्याच्या कारणांत गंभीर शारीरिक इजेची भर घातली आणि ४५ दिवसांऐवजी शाळेचे ४५ दिवस असे शब्द घातले. सुट्ट्या वगळून मोजल्यास ही मुदत सुमारे नऊ आठवड्यांची होते.