क्षयमुक्तीनंतर फुप्फुसांचे काय?

पश्चिम बंगालमधील बराकपूर आणि त्याला लागून असलेली टिटागढ, जगद्दल, भाटपाडा ही हुगळीकाठची शहरे तागगिरण्यांचा पट्टा म्हणून ओळखली जातात. पैलतीरावरील रिश्रा येथे १८५५ मध्ये देशातील पहिली तागगिरणी सुरू झाली. दाटीवाटीच्या कामगार वस्त्यांमध्ये क्षयरोगाचा प्रसार सहज होतो, आणि सहा महिन्यांचे उपचार पूर्ण करून बरा झालेला कामगार पुन्हा तागाच्या धुळीतच परततो. गिरणगावातील जुन्या पिढीला कापसाच्या धुळीचा त्रास ठाऊक आहे. तागाची धूळही फुप्फुसांना तशीच बाधक ठरते.

औषधांनी जंतू मरतात, परंतु त्यांनी केलेली इजा भरून निघतेच असे नाही. फुप्फुसांत व्रण वा पोकळी राहते, श्वासनलिका अरुंद होतात किंवा कायमच्या रुंदावून त्यांत कफ साचतो. या शेवटच्या विकाराला 'ब्राँकिएक्टॅसिस' म्हणतात. भारतातील ३१ केंद्रांमधील अशा २,१९५ रुग्णांची पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ३५.५ टक्के रुग्णांच्या विकाराचे मूळ पूर्वीच्या क्षयरोगात होते. जुन्या पोकळीत बुरशी वाढून खोकल्यातून रक्त पडण्याचा धोकाही असतो.

येथेच एक चूक वारंवार होते. दम लागतो, खोकला थांबत नाही, क्ष-किरण चित्रात डाग दिसतो. लगेच क्षय उलटल्याचे मानून पुन्हा तीच औषधे दिली जातात. वास्तविक जुना डाग जन्मभर दिसू शकतो. जनुकीय चाचणीतही मृत जंतूंचे अवशेष कधीकधी आढळतात. त्यामुळे अशा रुग्णाच्या थुंकीतील जंतूंची प्रयोगशाळेत वाढ करून पाहणे अधिक विश्वसनीय ठरते. अर्थात क्षय खरोखरच उलटू शकतो, म्हणून लक्षणांकडे दुर्लक्ष करणेही योग्य नाही.

राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमानुसार उपचार संपल्यानंतर ६, १२, १८ आणि २४ महिन्यांनी तपासणी अपेक्षित आहे. धाप लागत असल्यास नळीत जोराने फुंकून करावयाची श्वसनक्षमता चाचणी करून घ्यावी. तिच्या निष्कर्षानुसार श्वासावाटे घ्यावयाची औषधे, कफ काढण्याची पद्धत आणि हळूहळू वाढवीत नेण्याचा व्यायाम ठरविता येतो. फ्लू व न्यूमोनियाच्या लसींबाबत डॉक्टरांना विचारावे. विडी-सिगारेट मात्र पूर्णपणे सोडावी लागते. घरात चुलीचा धूर असल्यास तोही टाळावा.

गिरणी कामगारांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेच्या दीर्घ आजारांच्या यादीत क्षयरोगाबरोबरच ब्राँकिएक्टॅसिसचाही समावेश आहे. पात्र विमाधारकास अशा आजारात कमाल दोन वर्षांपर्यंत वेतनाच्या ८० टक्के दराने भत्ता मिळू शकतो. त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्रावर नुसता 'जुना क्षय' असा शेरा न राहता सध्याच्या विकाराचे नेमके नाव असावे, हे रुग्णाने आग्रहाने पाहावे.